मेपलच्या पाकातला चरबीचा थेंब

कढईवर एक आडवी काठी टाकलेली. काठीला सुतळी आणि सुतळीच्या टोकाला खारवलेल्या डुकराच्या चरबीचा लिंबाएवढा तुकडा. खाली मेपलच्या झाडाचा रस रटरटतोय. तुकडा रसात बुडालेला नाही, कढईच्या काठाच्या जरा खाली तो हवेत लोंबतोय. मध्येच रसाला उधाण येतं. पांढरा फेस फुगत फुगत वर चढतो, आता उतू जाणार असं वाटतं, तेवढ्यात तो चरबीला लागतो आणि झर्रकन खाली बसतो. चुलीजवळ बसलेल्या माणसाला जागचं उठावंही लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात, आणि काही घरांत विसाव्या शतकातही, अमेरिकेतल्या व्हरमाँटपासून कॅनडातल्या क्वेबेकपर्यंत मेपलच्या रानांत हे दृश्य ओळखीचं होतं. मेपल सिरप व्हीगन आहे का, असं आज कुणी विचारलं की प्रथम नवल वाटतं. झाडाचा रस आणि आग, एवढ्यावर होणारा हा पाक. त्यात प्राणी आला कुठून? तो आला या सुतळीच्या टोकाने. म्हणून तिचाच माग काढत मागे जायला हवं.

आधी मूळ वस्तू नीट पाहू. शुगर मेपल हे उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडचं झाड. उन्हाळ्यात पानांनी तयार केलेलं अन्न ते खोडात पिठूळ रूपात साठवून ठेवतं. थंडी सरताना त्याची साखर होते. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असे दिवस मार्च-एप्रिलच्या सुमाराला येतात, तेव्हा खोडात दाब निर्माण होतो आणि छिद्र पाडलं तर रस थेंब थेंब बाहेर येतो. हा रस दिसायला पाण्यासारखा आणि चवीला जेमतेम गोड. साखर त्यात साधारण २ टक्के असते. तो आटवत ६६ टक्क्यांपर्यंत न्यायचा. म्हणून एक लिटर सिरपला सुमारे ४० लिटर रस लागतो. झाडांना पालवी फुटायला लागली की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

आटवताना फेस येणारच. रसात साखरेबरोबर थोडी प्रथिनं आणि इतर द्रव्यंही असतात. पाणी उडून रस दाट होऊ लागला की बुडबुडे फुटेनासे होतात, एकावर एक चढत जातात. गुऱ्हाळावर बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. काहिलीतला रस चढू लागला की गुळव्या त्यावर जरासं तेल शिंपडतो. स्निग्ध पदार्थाचा थेंब बुडबुड्याच्या पातळ पडद्यावर पसरला की पडदा तुटतो आणि फेस बसतो. उसाच्या रसाला आणि मेपलच्या रसाला इथे एकच नियम लागू पडतो. फरक एवढाच की चुलीपाशी हाताला जे लागेल ते माणूस वापरतो. कोल्हापूरकडे हाताशी तेलाचं भांडं होतं, क्वेबेकमध्ये खारवलेल्या डुकराचं पिंप.

पण मेपलची साखर युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीची आहे. अनिशिनाबे, हौडेनोसौनी, अबेनाकी, मिकमॅक या तिथल्या मूळ लोकांनी ती शोधली. अनिशिनाब्यांच्या ओजिब्वे भाषेत वसंतातल्या एका महिन्याचं नावच रस उकळण्यावरून पडलेलं आहे. झाडातली गोडी माणसाला पहिल्यांदा कशी कळली याच्या अनेक कथा आहेत. काही कथांमध्ये ती खारीने दाखवली असं सांगतात. त्यात नुसती कल्पना नाही. जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिक यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत ते दिसतं. लाल खारी मेपलच्या सालीला चावे घेतात, रस वाहू देतात, त्यातलं पाणी उन्हावाऱ्याने उडून जाईपर्यंत थांबतात आणि मग परत येऊन सालीवर वाळलेली साखर चाटतात. माणूस भांड्यात करतो तेच ती खार सालीवर करते.

मूळ लोक पाकापेक्षा साखरच जास्त करत, कारण ती टिकते. भूर्जाच्या सालीच्या डब्यांत भरून ठेवलेली साखर वर्षभर पुरे. मांसाला, मक्याला, फळांना तीच लावत, मिठाच्या जागीही तीच. या साखरेचं बारकाईने केलेलं वर्णन फ्रान्सिस डेन्स्मोर या अभ्यासक बाईंनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या, चिप्पेवा म्हणजेच ओजिब्वे लोकांच्या वनस्पतिज्ञानावरच्या ग्रंथात मिळतं. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातल्या दोन नोंदी मोलाच्या आहेत. रस उतू जाऊ लागला की स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची ताजी फांदी फेसावरून फिरवायची, ही पहिली. आणि पाक दाट झाला की त्यात हरणाच्या चरबीचे छोटे तुकडे टाकायचे, म्हणजे साखर मऊ होते, ठिसूळ राहत नाही, ही दुसरी.

म्हणजे एकाच चुलीवर दोन्ही होतं, झाडाची फांदीही आणि जनावराची चरबीही. मेपलच्या पाकाला चरबी लागतेच असं कधी नव्हतं. फेसाचं काम स्प्रूसची काटेरी फांदीही करत होती. पुढे कुठल्या काळी कुणी काय निवडलं, हाच खरा या वस्तूचा इतिहास आहे.

फ्रेंच आले. वकील आणि प्रवासी मार्क लेस्कार्बो यांनी १६०९ साली छापलेल्या ग्रंथात तिथले लोक झाडांतून रस काढून पितात असं नोंदवलं. युरोपीयांनी या कामात दोन गोष्टी आणल्या. एक लोखंडी-तांब्याची भांडी, आणि दुसरी आपलं हिवाळ्याचं खाणं. वसाहतीतल्या कुटुंबाचा हिवाळा खारवलेल्या डुकराच्या मांसावर निघे. मार्च उजाडला तरी पिंपात चरबीचे तुकडे शिल्लक असत. रानात चूल पेटली की त्यातलाच एक तुकडा सुतळीला बांधला जाई. ज्यांच्याकडे गाय होती ते सायीचे दोन थेंब किंवा लोण्याचा कण टाकत. पाक स्वच्छ व्हावा म्हणून दूध किंवा अंड्याचा पांढरा भाग फेटून घालायचीही चाल होती. उकळताना तो गोठे आणि गाळ आपल्यात ओढून वर आणे, मग तो काढून टाकायचा. क्वेबेकमध्ये साखरझोपडीला ‘कबान-आ-स्यूक्र’ म्हणतात. वसंतात तिथे जेवायला गेलं तर आजही पानात डुकराचं मांस, तळलेली चरबी, अंडी आणि त्या सगळ्यावर मेपलचा पाक येतो. चरबी आणि मेपलचं नातं असं घराघरातलं, सणासुदीचं आहे.

आता या मागोव्यातलं असं एक वळण, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गोड पदार्थ कुणाच्या यातनेतून आला, हा प्रश्न व्हीगन लोकांनी पहिल्यांदा विचारला असं आपण धरून चालतो. मेपलच्या बाबतीत तो सव्वादोनशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. फक्त तेव्हा यातना जनावरांच्या नव्हत्या, माणसांच्या होत्या.

अठराव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या चहात पडणारी साखर कॅरिबियन बेटांवरून येई. ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून पिकत होती. १७९१ साली ब्रिटनमध्ये या साखरेवर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. हजारो घरांनी साखर टाकली. बंगालहून आलेली साखर गुलामांनी न पिकवलेली म्हणून तिथे विकली जाऊ लागली. त्याच वर्षी जुलैत फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी अमेरिकेचे नेते थॉमस जेफर्सन यांना शुगर मेपलवर एक दीर्घ पत्र लिहिलं. अमेरिकेच्या जंगलात लाखो मेपल उभे आहेत, शेतकऱ्याचं कुटुंब बिनकामाच्या दिवसांत घरच्या घरी साखर करू शकतं, आणि ही साखर वाढली तर गुलामांच्या साखरेची गरजच उरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. क्वेकर पंथाचे व्यापारी हेन्री ड्रिंकर यांनी मेपल साखरेसाठी पेनसिल्व्हेनियात जमीन आणि भांडवल घातलं. जेफर्सन यांनी मोंटिसेलो इथल्या आपल्या मळ्यावर मेपलची रोपं लावली.

ती बाग धरली नाही. ड्रिंकर यांचा उद्योगही टिकला नाही. मेपलला थंडीची ठराविक तऱ्हा लागते, हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि जंगलातला रस उसाच्या मळ्याशी स्पर्धा करू शकत नाही. शिवाय जेफर्सन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते आणि ती रोपं लावणारे हातही गुलामांचेच होते. या घटनेतला हा डाग झाकून सांगता येणार नाही. तरीही त्या काळात एक गोष्ट रुजली, ती म्हणजे मेपलची गोडी ही दुसऱ्याला न पिळता मिळवलेली गोडी, ही समजूत. पुढच्या काळात ईशान्य अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी घरांमध्ये मेपलची साखर याच भावनेने वापरली जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उसाची साखर इतकी स्वस्त झाली की मेपलची साखर करणं परवडेना. मग साखर मागे पडली आणि पाक पुढे आला. डब्यात बंद करून विकायचा तो मेपल सिरप. कढयांच्या जागी पत्र्याचे लांबट, उथळ पाट आले. त्यांच्या बुडाला खोबणी असत, म्हणजे आच जास्त जागेवर लागे. रस एका टोकाने पातळ शिरायचा आणि दुसऱ्या टोकाला दाट होऊन बाहेर पडायचा. पाक झाला की नाही हे अनुभवी माणूस पळी उचलून पाही. थेंब थेंब न गळता पाक पळीच्या काठावरून पडद्यासारखा एकसंध घसरला की झाला. आपल्याकडे पाकाची तार पाहतात, तिथे पडदा. चरबीचा तुकडा किंवा सायीचा थेंब मात्र पाटांवरही कायम राहिला.

व्हीगनच्या नजरेने पाहिलं तर त्या काळात चरबीपेक्षा मोठी गोष्ट रानात उभी होती. रसाच्या बादल्या गोळा करायला घोडे आणि बैल लागत. गुडघाभर बर्फातून, चढ-उतारावरून, रसाने भरलेली टाकी घसरगाडीवर ठेवून जनावरं ती ओढत. बादलीत पडलेली पाखरं गाळून काढायची हेही रोजचंच. चरबीचा थेंब पाकात दिसत नाही, तसे हे कष्टही दिसत नसत.

याच काळात मेपलच्या इतिहासात एक जोडपं येतं. स्कॉट नियरिंग हे युद्धविरोधी मतांमुळे विद्यापीठाबाहेर पडलेले अर्थशास्त्रज्ञ. हेलन या थिऑसॉफीच्या वातावरणात वाढलेल्या, तरुणपणी जे. कृष्णमूर्तींच्या निकट राहिलेल्या. १९३२ साली दोघं न्यूयॉर्क सोडून व्हरमाँटच्या डोंगरात राहायला गेले. दोघं शाकाहारी. शेतीसाठी किंवा दुधासाठी जनावरं पाळायची नाहीत हा त्यांचा नियम होता. पोटापुरतं पिकवायचं आणि रोख पैशासाठी मेपलचा पाक करून विकायचा. १९५० साली त्यांनी मेपलच्या साखरेवर एक सविस्तर पुस्तक लिहिलं, ते आजही या विषयातलं मानाचं पुस्तक आहे. जनावराला राबवायचं नाही या तत्त्वाचा आणि मेपलचा संबंध इथे एका घरात, एका चुलीवर जुळलेला दिसतो.

नियरिंग व्हरमाँटमध्ये पाक करत होते त्याच वर्षांत, नोव्हेंबर १९४४ मध्ये, इंग्लंडमध्ये सुतारकाम शिकवणारे डोनल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. ‘शाकाहारी’साठीच्या इंग्रजी शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जोडून ‘व्हीगन’ हा शब्द बनला. मांस-मासे-अंडी तर नाहीतच, पण दूध, तूप आणि मधही नाही. मध वर्ज्य झाला तेव्हा त्याच्या जागी काय, हा प्रश्न आला आणि मेपलचा पाक आपसूक पुढे झाला. व्हीगन पाककृतींत तो जागोजागी दिसतो त्याचं कारण हेच.

साध्या साखरेपेक्षा मेपल बरा, असं अमेरिकेतल्या व्हीगनांना वाटायला आणखी एक कारण आहे. तिथले काही कारखाने उसाची साखर पांढरी करायला जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरतात. साखरेत हाड उरत नाही, पण ती हाडातून गाळलेली असते. या गोष्टीचा विटाळ आपल्याकडेही नवा नाही. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर हाडांनी साफ करतात म्हणून टाळा, असा प्रचार झालेला आहे. आज आपल्याकडचे बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाचा धूर वापरून रस साफ करतात. मेपलला तर रंग घालवायचाच नसतो. त्याचा तांबूस-तपकिरी रंग हीच त्याची ओळख. तेव्हा हाडाच्या कोळशाचा तिथे प्रश्नच येत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेपलचं रान बदललं. १९५९ साली व्हरमाँटच्या नेल्सन ग्रिग्ज यांनी प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. झाडाझाडांतून नळ्या फिरल्या, रस उतारावरून थेट टाकीत येऊ लागला, आणि घोडे-बैल या कामातून सुटले. नळी बंद असल्यामुळे पाखरंही पडेनाशी झाली. व्हीगन दृष्टीने हा मोठा बदल होता, जरी तो कुणी त्या हेतूने केला नव्हता. पुढे आटवण्याआधी बरंचसं पाणी गाळण्यांतूनच काढून टाकण्याची सोय आली. पाकातला बारीक वाळूसारखा गाळ आता अंड्याऐवजी लोकरी-नमद्यातून किंवा सूक्ष्म शेवाळांच्या जीवाश्म-भुकटीच्या थरातून गाळतात. कडक व्हीगनला लोकरीचा नमदाही खटकेल. अलीकडे कृत्रिम धाग्यांची कापडंही सर्रास वापरतात.

फेस मात्र होता तिथेच आहे. आज मोठ्या उत्पादकांकडे फेस बसवायला बहुधा वनस्पतिजन्य तेलापासून केलेली द्रव्यं असतात. सेंद्रिय प्रमाणपत्राचा पाक असेल तर करडई, सूर्यफुलासारखी तेलं चालतात. कॅनडाच्या सेंद्रिय मानकात मेपलच्याच एका भावंडाच्या, पट्टेरी सालीच्या मेपलच्या लाकडाच्या भुकटीला मान्यता आहे. स्प्रूसची फांदी आठवा, झाडाच्या रसाचा फेस झाडानेच बसवायचा. कोशर प्रमाणपत्र देणाऱ्या यहुदी संस्थांनीही या प्रश्नाकडे लक्ष दिलं. डुकराच्या चरबीचा जुना वापर त्यांना माहीत होता. म्हणून त्यांच्या खुणेचा पाक चरबीशिवायचा असल्याची खात्री असते, आणि ‘पारेव्ह’ म्हटलं की त्यात दूध-लोणीही नसतं.

मग अडचण कुठे उरते? छोट्या घरगुती उत्पादकांकडे. अजूनही काही जण लोण्याचा कण किंवा सायीचा थेंब वापरतात. आणि असा थेंब हा घटक नसून प्रक्रियेतला साहाय्यक मानला जात असल्याने तो डब्यावरच्या यादीत सहसा येत नाही. शेकडो लिटर रसात काही थेंब, तेही बहुतांशी फेसाबरोबर गेलेले. त्याचं वजन शून्याजवळ आहे हे खरं. पण व्हीगनपणा वजनावर ठरत नाही, जनावर वापरलं का यावर ठरतो.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. दुकानात ‘मेपल फ्लेवर्ड’ लिहिलेला पाक बहुतेकदा मक्याच्या साखरेचा असतो, त्यात मेपल नावालाही नसतो. त्याचा वास कशाचा? पुष्कळदा मेथीचा. मेथीदाण्यातल्या एका सुगंधी द्रव्याचा वास मेपलसारखाच येतो. २००५ पासून न्यूयॉर्कच्या हवेत अधूनमधून मेपलचा वास दरवळत असे आणि लोक बुचकळ्यात पडत. २००९ साली शोध लागला की न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीवर प्रक्रिया व्हायची तेव्हा तो वास येई. मेथीचे लाडू वळणाऱ्या घराला यात नवल वाटणार नाही. पण असा पाक व्हीगन असला तरी मेपल नव्हे, हे ध्यानात ठेवावं.

झाडाचं काय, असंही काही जण विचारतात. सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाच्या आतल्या झाडाला हात लावत नाहीत. छिद्र जेमतेम ८ मिलिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटिमीटर खोल. झाड त्या जागेभोवतीचं लाकूड बंद करून टाकतं आणि पुढच्या वर्षी छिद्र दुसरीकडे पाडतात. नीट जपलेली झाडं शंभर वर्षं रस देत उभी आहेत. रस देणाऱ्याला जिवंत ठेवल्याशिवाय या धंद्याला दुसरं वर्ष नाही.

आपल्या देशात या सगळ्याचा निवाडा कायद्यानेही केला आहे. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध-लोणी चालतं. म्हणजे लोण्याचा थेंब टाकलेल्या पाकावरही हिरवा ठिपका रास्तच. पण अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२२ च्या व्हीगन अन्न नियमांनी स्पष्ट म्हटलं आहे की घटकच नव्हे, प्रक्रियेतला साहाय्यक पदार्थही प्राणिजन्य नसावा, आणि तोही उत्पादनाच्या कुठल्याच टप्प्यावर. सुतळीच्या टोकाचा तो तुकडा यादीत नसला तरी या नियमात अडकतो.

तेव्हा उत्तर सरळ आहे. मेपलचा पाक मुळात व्हीगन आहे, आणि आज बाजारात मिळणारा बहुतेक खरा पाकही व्हीगनच आहे. पूर्ण खात्री हवी असेल तर व्हीगन खूण पाहावी. छोट्या उत्पादकाकडून घेत असाल तर एकच प्रश्न विचारावा, ‘फेस कशाने बसवता?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नका. तेल किंवा लाकूड म्हणाला तर निर्धास्त घ्या. लोणी म्हणाला तर दुसरा डबा निवडा, आणि का निवडला तेही त्याला सांगा. चरबीविना फेस बसतो हे त्या रानाला स्प्रूसच्या फांदीने केव्हाच दाखवून दिलेलं आहे.